शांतताप्रिय भूत

आमच्या वाचनालयात एरवी चार माणसं आणि दोन डुलक्या असतात. त्या गुरुवारी मात्र खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं बसली होती. भूत फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर घरी कोण थांबणार?

भूत होतं आमच्या वाचनयंत्रात. यंत्र म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा, सगळे भाग एकाच सर्किट-पट्टीवर मावणारा संगणक, त्याला कॅमेरा आणि स्पीकर. समोर पुस्तक धरलं की तो वाचून दाखवायचा. प्रूफवाले आजोबा छापखान्यात चाळीस वर्षं चुका शोधून निवृत्त झाले आणि मग त्यांची नजर गेली. तेव्हापासून ते रोज या यंत्रापाशी बसत. दुसरं वाचन त्यांना उरलं नव्हतं.

हळू आवाजात यंत्र दिवसभर नीट वाचे. गुरुवारी गोष्टीच्या तासाला आवाज वाढवला, की दोन ओळींत गप्प आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमचे दिवंगत ग्रंथपाल जन्मभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून डोळे वटारत. झालं, भुताला चेहरा मिळाला. वाचनालयाच्या अध्यक्षांनी भुतं उतरवण्याचं केंद्र चालवणाऱ्या स्पंदनबाबांना बोलावलं.

"आत्मा उजवीकडच्या कपाटाला टेकून उभा आहे," बाबा म्हणाले. "कडक आहे. पुस्तकं कुणी परत केली नाहीत ते विचारतोय."

तिघांनी माना खाली घातल्या.

"आता डोळे मिटा. कुणी बघितलं की तो बिथरतो."

सगळ्यांनी मिटले. मी इथली ग्रंथपाल, मीही मिटले, याची मला अजून लाज वाटते. बाबांनी बराच वेळ मंत्र पुटपुटले. डोळे उघडले तर भिंतीतल्या प्लगवर लाल फडकं बांधलेलं आणि यंत्र खणखणीत आवाजात वाचतंय. पान संपलं तरी थांबलं नाही. टाळ्या पडल्या.

"सिद्ध फडकं आहे, हात लावू नका," बाबा म्हणाले. "ते माझ्याबरोबरच राहतं. यंत्रही माझ्या केंद्रात हलवा. इथं आत्मा त्याला टिकू देणार नाही."

अध्यक्ष लगेच हो म्हणाले. आजोबांचा हात यंत्रावर होता, तो तिथून निघेना.

"बाबा, एक शंका," आजोबा म्हणाले. "माझे डोळे मिटले काय, उघडले काय, सारखेच. म्हणून मी कान लावून बसलो होतो. डावीकडे भिंतीत खट झालं. मग पुन्हा खट."

"आत्म्याची पावलं ती, आजोबा."

"कपाट तर उजवीकडे आहे ना?"

हशा पिकला. बाबा फडक्याकडे झेपावले, पण प्लगजवळ मी होते.

"पोरी, सोड ती गाठ," आजोबा म्हणाले. "आणि बारीक अक्षर वाच. ते कुणी वाचत नाही."

फडक्यात साधा अडॅप्टर होता. मी वाचलं, "पाच व्होल्ट, तीन अँपिअर." आमचा जुना चार्जर बाबांच्या झोळीत निघाला. "पाच व्होल्ट, एक अँपिअर."

तो मोबाईलचा चार्जर मीच 'सापडलेल्या वस्तूं'च्या खणातून काढून लावला होता. पिन बसली, म्हणून मी खूश. हळू आवाजाला तेवढी वीज कशीबशी पुरे. स्पीकर चढवला की यंत्र जास्त वीज मागे, चार्जरला ते झेपत नसे, व्होल्टेज घसरे आणि संगणक बंद पडून नव्यानं सुरू होई. तीन अँपिअर लागतात हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलेलं होतं. इतक्या पुस्तकांत बसून तेवढं एक पान आम्ही उघडलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" अध्यक्षांनी बाबांना विचारलं.

"आधी मोबाईल दुरुस्त करायचो."

"मग सरळ सांगायचं होतंत."

"सरळ सांगितलं असतं, तर एवढे लोक जमले असते?"

माझं एवढंच सांगणं आहे: कुणी डोळे मिटायला सांगितलं तर ते उघडेच ठेवा, आणि आत्म्याला बोलावण्याआधी प्लगवरचं बारीक अक्षर वाचा.

पुढच्या गुरुवारी तीन अँपिअरचा नवा अडॅप्टर लागला. आजोबांनी आवाज शेवटपर्यंत वाढवायला सांगितला आणि भिंतीवरची पाटी काढून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली.

"शांतता राखा," यंत्र रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलं, आणि आजोबांनी हसत पहिलं पुस्तक मागितलं.