नाकतोडे तळून ठेव

फोनच्या काचेवर नाकतोड्याचा एक पंख चिकटला होता — ओपियोच्या डब्यातून उडालेला — आणि त्याच्याखाली ती करडी, बारीक ओळ: मुगालुलासोबतचा तुमचा सुरक्षा क्रमांक बदलला आहे. लॉयने पंख पुसला. ओळ तशीच राहिली... भावाचा नंबर, मार्चपासून मुका. नंबरपाटी नसलेल्या गाडीने त्याला कंपालाच्या भर रस्त्यातून उचललं, तेव्हापासून.

ओळीखाली लगेच निरोप आला. 'सुटलो गं. नवा फोन घेतलाय. पोरं कुठे ठेवलीस?'

"घे की एखादा!" कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरून ओपियोने तळलेल्या नाकतोड्यांचा डबा पुढे केला. "तुझ्या देवकाकडे मी नाही चुगली करणार."

"गप खा, ओपियो."

भावाची पोरं कुठे आहेत हे फक्त तिलाच ठाऊक. त्यानेच बजावलं होतं, मला काही झालं तर पोरांना हलव आणि कुणाला, अगदी कुणालाही सांगू नकोस... तिने फोन लावला. पलीकडून कापला गेला. 'बोलता येत नाही इथे. लिही.' — आणि वार्ताहरांच्या वर्गात ती वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आली होती की सुरक्षा क्रमांक बदलला, म्हणजे पलीकडचा फोन बदलला, तर आधी आवाज ऐका, आकडे एकमेकांना वाचून दाखवा, मगच काय ते बोला. सगळे माना डोलवायचे आणि 'ठीक आहे' दाबून मोकळे व्हायचे. निरोपांवरचं कुलूप चोख आहे हो. वाटेत कुणी माईचा लाल वाचू शकत नाही. पण वाट संपते तिथे कोण बसलंय, हे कुलपाला काय कळणार? हे सगळं मला पाठ आहे. मग माझंच बोट का त्या 'ठीक आहे'वर?

'भूक लागलीय. येतोय घरी, नाकतोडे तळून ठेव.'

तिने पुन्हा वाचलं. नाकतोडे! आमच्या कुळाचं देवक, आम्ही ते तोंडात घालत नाही. लहानपणी शेजारणीने गमतीत एक भरवला तर हा पोरगा दिवसभर थुंकत, रडत बसला होता. बाबांनी उचलून घेतलं तेव्हा कुठे थांबला. हा तो नाही. कुणीतरी उपरा आहे, नाकतोड्यांचा हंगाम बघून आपलेपणा दाखवतोय... हुश्श. नंबर बंद करायला तिने बोट नेलं.

आणि बोट थांबलं. तोच असेल तर? मानेवर कुणाचा तरी हात, समोर फोन, आणि ते सांगतील ते लिहिता लिहिता नाकतोड्यांचं एवढंच त्याने पदरचं घातलं असेल — फक्त मला कळावं म्हणून? मग नंबर बंद केला तर त्याचं काय करतील? आणि पत्ता दिला तर पोरांचं?

"लॉय, अगं बरी आहेस ना?" ओपियोने डबा मिटला.

पडद्यावर 'लिहीत आहे...' उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. पत्ता मी देणार नाही, ते ठरलंच आहे. पण उपरा असेल तर मुगालुलाचा नंबर त्यांच्याकडे आहे आणि मुगालुला — नाही. तो विचार पुरा करायचा नाही. त्यापेक्षा तो त्यांच्या तावडीत असू दे, मार खात असू दे, पण पलीकडे त्याचीच बोटं असू देत... देवा, सख्ख्या भावासाठी मी हे मागतेय. मागतेच आहे.