मागे न बघता फेकलेली

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. म्हाताऱ्याच्या आधाराची नव्हे, नाचाची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात काळ्या विद्यार्थ्यांच्या एका कॉलेजात पाच मुलं बंधुसंघात, म्हणजे एकमेकांना जन्मभर भाऊ मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात, दाखल झाली आणि त्यांनी हिकरी नावाच्या झाडाच्या टणक लाकडातून मला तासून काढलं. उंचीप्रमाणे त्यांना रांगेतले नंबर मिळाले, ते जन्माचे चिकटले. सर्वांत उंच अँब्रोज टिस्डेल, तो पाच. त्याच्या पुढचा लेमुएल पिकेट, चार. दोघांचे केस पिकले तरी हाक तीच.

"काय रे चार, गुडघे शाबूत आहेत का?"

"तुझ्या अकलेपेक्षा बरे आहेत, पाच!"

पाय आपटत, टाळ्या वाजवत ते रांगेत नाचत. नाचता नाचता पुढचा मला खांद्यावरून मागे फेकी आणि मागचा झेली. फेकणाऱ्याने वळून बघायचं नाही. बघितलं तर भावावर विश्वास नाही, असा अर्थ. आणि मी पडलेच, तर ज्याच्या हातून निसटले त्यानेच मला उचलायचं.

कॉलेज संपलं, संघ काही सुटला नाही. विधवांच्या घरांना रंग द्यायचा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, हे चालूच राहिलं. दर शनिवारी चर्चच्या तळघरात वडिलांवाचून वाढणारी मुलं जमत. अँब्रोज त्यांना आधी नाचवी, मग गणिताला बसवी. पोरं माझ्या नादाने येत आणि वहीपाशी अडकत. त्यातली कितीतरी पुढे कॉलेजात गेली. गावभर कौतुक होई आणि मी फुशारून जाई.

अँब्रोजचा स्वतःचा मुलगा ज्युनियस मात्र घराच्या खिडकीत उभा असे.

"बाबा, मी पण येऊ?"

"अरे, ती बिनबापाची पोरं. तुझा बाप तर घरीच आहे ना!" असं म्हणत अँब्रोज मला बगलेत मारून घराबाहेर पडे.

मग अँब्रोज गेला. पांढरे हातमोजे घालून चार म्हातारे शवपेटीपुढे रांगेत उभे राहिले. पाचव्याची जागा मागे रिकामी ठेवली होती. प्रत्येकाने आपला नंबर पुकारला. "चार," लेमुएल म्हणाला, आणि जन्मभराच्या सवयीने त्याने मला मागे फेकलं.

हवेत मला अँब्रोजचा हात दिसला, मित्रांनो. रुंद पंजा, वाकडी करंगळी. मी हरखून त्याच्याकडे झेपावले आणि फरशीवर आदळले. तो आवाज सगळ्या चर्चभर घुमला.

लेमुएल वळला नाही. कोणीच पुढे होईना.

"अहो, उचला की कुणीतरी!" ज्युनियस ओरडला.

"आम्हाला नाही उचलता येत, बाळा," लेमुएल पाठमोराच म्हणाला. "ती त्याच्या हातून पडलीय."

शेवटी ज्युनियसनेच मला उचललं. सगळ्यांच्या देखत बाहेर नेलं, गाडीत टाकलं आणि अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात आपल्या घरी कपाटात कोंबलं. तेव्हापासून मी इथेच आहे. धूळ बसली आहे, अंगाला चीर गेली आहे. शनिवार उजाडला की अंधारात एक रुंद पंजा मला चाचपू लागतो. मला फार भीती वाटते, आणि तो आला नाही तर त्याहून जास्त वाटते.

एका रविवारी लेमुएल आला.

"काठी दे बाळा. तुझा बाप गेल्यापासून शनिवार ओस पडलाय. पोरं वाट बघतात रे."

"मीही बघायचो, लेमुएलकाका."

लेमुएलने टोपी काढून हातात धरली.  म्हणाला, "तो तुझ्याबद्दल फार बोलायचा. पोरांना सांगायचा, माझा ज्युनियस असा, माझा ज्युनियस तसा."

"मला कधीच नाही सांगितलं त्यांनी," ज्युनियस म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

म्हातारा रिकाम्या हाताने परत गेला. कपाटाचं दार उघडलं नाही. बाहेर ज्युनियस दाराला टेकून रडत राहिला आणि मला काहीही करता आलं नाही.

मित्रांनो, लोकांच्या लेकरांना हात द्या, जरूर द्या. पण निघताना आपल्या लेकरालाही सोबत न्या.