सिग्नल पडला

मित्रांनो, मी एका जुन्या सिग्नलचा हात आहे. चार फूट लांब, पोलादी पत्र्याचा, अंगावर तांबडा रंग आणि टोकाजवळ एक पांढरा पट्टा. दुसऱ्या टोकाला लाल आणि हिरव्या काचेचा ओतीव चष्मा. माझं सगळं वजन त्या चष्म्यात आहे.

अंबरनाथच्या एका कारखान्याकडे मालगाडीचा फाटा जायचा. त्याच्या तोंडाशी, खांबावर माझी नेमणूक होती. मी आडवा असलो की गाडीने थांबायचं. केबिनमधून केबिनमन रामभाऊंनी दांडा ओढला की तार ताणली जायची, मी खाली झुकायचो आणि गाडी निघायची. याला आम्ही 'सिग्नल पडला' म्हणायचो. पडण्यातच मान असलेली नोकरी माणसांत फारशी मिळत नाही, मला मिळाली होती. तार तुटलीच, तर चष्म्याच्या वजनाने मी आपोआप आडवा व्हायचो, म्हणजे पुन्हा 'थांबा'. रामभाऊ नव्या माणसाला सांगायचे, "हा बिघडला तरी खोटं बोलत नाही."

सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी एकही गाडी चुकीची सोडली नाही. मग फाटा बंद झाला, खांब कापला गेला. साहेबांची परवानगी काढून रामभाऊंनी मला घरी नेलं. त्यांच्या पत्नी भिमाबाई दारातच म्हणाल्या, "लोकांचे नवरे रिटायर होताना घड्याळ आणतात. आमच्यांनी हात आणला."

त्यांनी मला मागच्या दारी बांधून माझ्यावर गोधड्या वाळत घातल्या. चौदा एप्रिलला मात्र निळ्या पताकांची दोरी माझ्याच टोकाला बांधली जायची. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

मग बदलापूरचा विनीत आला. विमा कंपनीत अधिकारी, आणि एका प्रदर्शनासाठी घरी टेबलावर आमच्या फाट्याची छोटी प्रतिकृती बनवत होता. "सगळं ऐतिहासिकदृष्ट्या अचूक पाहिजे, काका," असं तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. त्याने माझी लांबी तीन वेळा मोजली. रंगाचे सहा थर खरवडून मूळचा तांबडा शोधला. रिव्हेट मोजले आणि खात्री म्हणून परत मोजले. इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता. मी भाळलो, हे कबूल करतो.

"आठ दिवसांत परत आणतो," विनीत म्हणाला. "आणि प्रदर्शनात तुमचं नाव लावणार."

"लावा. पण नीट लावा," रामभाऊ म्हणाले. "माझ्या हातून सिग्नल कधी चुकून पडला नाही. नोकरीत कमावलं ते एवढंच."

विनीतने वहीत लिहिलं, 'सिग्नल पडला.' घोटाळा इथेच झाला. विनीत रोज स्कूटरवरून चौक ओलांडतो. तिथे सिग्नल पडला म्हणजे लाल दिवा लागला, ब्रेक दाबा. त्याने पुढे लिहून टाकलं, 'हात खाली, म्हणजे थांबा.' रिव्हेट दोनदा मोजणाऱ्या माणसाने हे एकदाही विचारलं नाही.

प्रदर्शन उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या एका हॉलमध्ये होतं. मला टेबलामागच्या फळीवर तिरकं ठोकलं होतं. रामभाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भिमाबाईंबरोबर शेअर रिक्षाने आले. टेबलावरचा काडीएवढा हात पडला आणि छोटी गाडी थांबली. हात आडवा झाला आणि गाडी सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रामभाऊंना आता नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "नाव लावलंय का गं?"

भिमाबाईंनी वाचलं, "हात खाली, म्हणजे थांबा. माहिती, श्री. रामभाऊ, माजी केबिनमन."

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं.

"विनीतसाहेब," रामभाऊ म्हणाले, "पडला म्हणजे मिळाला. पडला की गाडी जाते."

"काका, तुमचेच शब्द आहेत. वहीत आहेत माझ्या."

"आडव्या हातावरून गाडी सोडली तर माणसं मरतात हो."

"काका, ही प्लास्टिकची आहेत." विनीतने आवाज खाली आणला. "परीक्षक बघून गेलेत. आता बदललं तर अचूकतेवर शंका घेतील. बक्षीस होऊ दे, मग बघू."

"माणसं प्लास्टिकची असतील," भिमाबाई म्हणाल्या. "नाव नाहीये." त्यांनी रामभाऊंच्या नावाची पट्टी फाडून बटव्यात ठेवली. "आणि आमचा हात?"

"संपलं की आणून देतो, काकू."

विनीतला अचूकतेचं पहिलं बक्षीस मिळालं. मी आता बदलापूरला सातव्या मजल्यावर, सोफ्याच्या वर, खिळ्यावर अडकवून, एका स्क्रूने खाली झुकवून बसवलेला आहे. पाहुण्यांना विनीत सांगतो, "हा थांबा म्हणतोय." अकरा महिने मी 'जा' म्हणतोय आणि कुणी हलत नाही. दर रविवारी रामभाऊंचा फोन येतो. दर रविवारी विनीत मीटिंगमध्ये असतो, सोफ्यावर आडवा होऊन.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, मापं घ्या, रंग जपा. पण ज्याने ती वस्तू आयुष्यभर वापरली, त्याचा शब्द नेताना त्या शब्दाचा अर्थही त्यालाच विचारून न्या. आणि आठ दिवस म्हणालात, तर आठ दिवसांनी परत करा.

मला दाबून धरणारा स्क्रू हल्ली सैल झालाय. चष्म्याचं वजन अजून शाबूत आहे. स्क्रू निघाला की मी आडवा होईन आणि विनीत म्हणेल, बिघडला. तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिथे असलात, तर अंबरनाथला रामभाऊंना एवढंच कळवा, की हात अजून खोटं बोलत नाही.