सावलीचा दगड

जानरावाचा मुलगा चंपत मिसर देशात लढाईवर होता, आणि जानराव इकडे वाशीमच्या बाजारात अमेरिकेला शिव्या घालत होता. भाजीची टोपली रिकामी झाली की तो कापडाच्या दुकानापाशी टेकायचा. तिथला मुनीम वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा.

"अमेरिका पडली काय लढाईत?"

"नाई. मागच्या लढाईत हात पोळले त्यायचे. आता कायदाच केला, दुसऱ्याच्या भांडनात पडाचं नाई."

"लेकाचे! शेजाऱ्याचं घर जळून राह्यलं, अन् हे ओट्यावर बसून पाहून राह्यले!"

एवढं बोलूनही बिचाऱ्याला दम लागायचा. काळजीने पार थकवला होता त्याला.

मळ्यातली विहीर तिघांची. सकाळी भगवंतरावाची मोट, दुपारी विधवा तुळसाबाईची, मग जानरावाची. जमिनीत दोन दगड रोवले होते; विहिरीच्या खांबाची सावली पहिल्यावर आली की भगवंतरावाची पाळी संपायची, दुसऱ्यावर आली की तुळसाबाईची. आज्यापणज्यापासूनची ही रीत. कार्तिकात एका पहाटे भगवंतरावाने पहिला दगड उपटला आणि चांगला हातभर पुढे रोवला. जानरावाने बांधावरून ते पाहिलं आणि मान खाली घालून वांग्यांत शिरला.

तुळसाबाईची पाळी अर्ध्यावर आली. मिरचीने माना टाकल्या. तिने पंच बसवले.

"जानभाऊ, तुमी तं पहाटीच मळ्यात असता. सांगा ना!"

जानरावाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भगवंतरावाशी वैर कोण घेणार? या वयात ती कटकट नकोच.

"मले काई माहीत नाई. मी कोनाच्याच बाजूचा नाई."

पंच उठले. मिरची वाळली.

डिसेंबरात मुनीम ओरडला, "पडली अमेरिका! जपाननं त्यायच्यावरच बाँब टाकले!"

"सोताच्या अंगावर आलं तवा पडले," म्हणत जानराव मळ्यात आला. त्याची पाळी व्हायची वेळ केव्हाच टळली होती, तरी भगवंतरावाची मोट चालूच होती. तुळसाबाईची पाळी गिळून झाली होती, आता दुसरा दगडही सरकला होता.

तो तडक तुळसाबाईकडे गेला. ती वाळलेली मिरचीची झाडं जळणासाठी उपटत होती.

"तुमचा दगड भगवंतरावानंच सरकवला, तुळसाबाई. म्या पाह्यलं होतं. आता पंचायले सांगतो."

"दगडाचं मले माहीत होतं, जानभाऊ. तुमी पाह्यलं, हेबी माहीत होतं."

तिने मोळी बांधली, आणि दर बाजाराच्या दिवशी विचारायची तसंच विचारलं, "चंपतचं काई कळलं काय?"

जानरावाला मान वर करवेना.