विहीणबाईंचा वाळा

आमच्या निंबोल्यात ऊन फार असतं हे मला नाशिकच्या बाईने सांगावं, याचाच मला राग आला होता.

ही बाई म्हणजे माझी विहीण, सिंधूताई. माझ्या एकुलत्या एक लेकीची, भूमिकाची सासू. भूमिकाला सातवा संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच, पण एक दिवस विहीणबाईंचा फोन आला, "नववा महिना तुमच्या त्या नवतपात येतो हो. पंचेचाळीसच्या वर जातं म्हणे. मी आधी खोली बघेन, मग पोरीला ठेवेन. नाहीतर परत घेऊन जाईन." नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ दिवस. तेव्हा आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मला माझी पोर घरी हवी होती. बस.

मग मी आणि भूमिकाचे बाबा, भाईदास, मागच्या खोलीवर तुटून पडलो. तिच्यावर पत्रा. पत्र्याला चुन्याचे तीन हात मारले. तिसऱ्या हातापर्यंत आम्ही दोघंही पांढरे झालो होतो आणि एकमेकांकडे बघून हसत सुटलो होतो. चुन्यावर केळीचे खांब चिरून अंथरले. घड कापल्यावर बागेत ते पडूनच असतात, पाण्याने नुसते गच्च. वाळले की बदलायचे. कूलरच्या जाळीत नवी खस भरली, दाराखिडक्यांना खसचे पडदे लावले. पाणी मारलं की असा वास सुटायचा की मीच दुपारी तिथे जाऊन बसायची. मग ऐटीत फोन लावला. पत्रा रंगवला, कूलर लावला, पडदे लावले, सगळं सांगितलं.

"छान," विहीणबाई म्हणाल्या, "पण वाळा हवाच बरं का. वाळा असला की मला काळजी नाही."

मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. म्हणजे काय, असं विचारायला हवं होतं. पण विहिणीपुढे अडाणी दिसायचं? मुळीच नाही.

"वाळा म्हने तर बाळाच्या पायातला," भाईदास डोकं खाजवत म्हणाले. "पन बाळ यायच्या पहिले कोनी घेते का? आपल्यात चालत नई."

"नाशिकला चालत असेल."

"अन् एकच वाळा?"

"तुम्ही जोड घ्या!"

दुसऱ्याच दिवशी बऱ्हाणपूरला सराफाकडे जाऊन चांदीच्या वाळ्यांचा जोड आणला आणि कोणाची नजर नको म्हणून डाळीच्या डब्यात लपवला. मन मात्र खात होतं.

एप्रिलच्या मध्यावर ती मंडळी आली. जावई नीलेश गाडी चालवत होते, मागे विहीणबाई आणि भूमिका. पोर उतरली ती कंबर धरूनच. "आई, टेन्शन नको लेऊ, मैं ठीक हूँ," म्हणाली. मला तिथेच रडू यायला लागलं होतं, पण विहीणबाई थेट विचारत्या झाल्या, "वाळा कुठाय?"

मी डाळीतून वाळ्यांची डबी काढून पुढे केली. त्यांनी उघडली आणि डोळे मोठे केले. "अगंबाई! बाळाच्या आधी बाळाचे दागिने? अहो, मी वाळा म्हणत होते! पडद्याचा! गवताच्या मुळ्या असतात ना, पाणी मारलं की वास येतो..."

"ती तर खस," मी म्हटलं.

त्यांनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं, जोरात श्वास घेतला आणि भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "हाच की हो वाळा! खोलीभर लावलाय!" डबी त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली. "बारशापर्यंत माझ्याकडे. तुमच्या घरात आलेच नाहीत असं समजा."

तरी निकाल बाकीच होता. "दुपारभर मी इथे पडून बघते," त्या म्हणाल्या, आणि जेवून खरोखरच आडव्या झाल्या.

बाहेर त्रेचाळीस. मी दाराशी बादली घेऊन बसले. अर्ध्या तासात लाइट गेली. कूलर बंद! पडद्यावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. भाईदास डोक्याला उपरणं गुंडाळून शिडीवर चढले आणि वरच्या खांबांवर बादल्या ओतू लागले. भूमिका ओसरीवरून म्हणाली, "बस करो ना आई, तूच आजारी पडशील." मी तिला गप्प केलं. आता या उन्हाने माझी पोर माझ्या दारातून परत न्यावी? मी बादली सोडली नाही.

पाच वाजता विहीणबाई बाहेर आल्या. गालावर उशीची घडी, केस विस्कटलेले.

"लाइट गेली होती का हो मध्ये?"

"दीड तास," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मला कळलंच नाही. नीलेश, भूमिकाची बॅग काढ गाडीतून."

या बाईशी भांडायला महिनाभर तयार केलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. मी पुढे झाले आणि त्यांना घट्ट मिठी मारली. मी घामाने आणि पाण्याने चिंब, त्या कोरड्या आणि गार.

"अहो, केवढ्या तापलाय तुम्ही!" त्या म्हणाल्या.

"महिन्यापासून," मी म्हटलं, आणि जावयांच्या आधी धावत जाऊन बॅग मीच उचलली.