इल्माचं काम

"सिस्टर, तुमच्या चपला लावते का गं ती?" शहाजादीचाचीने डोळे न उघडताच विचारले.

आवडी सिस्टर ओल्या बोळ्याने तिचे ओठ पुसत होती. "रोज लावते हो चाची."

"आज नाय लावायची. आज तिला दुसरं काम हाय."

कर्जतहून आवडी महिनाभर पोशीरला येत होती. घरीच शेवटचे दिवस मोजणाऱ्यांचे दुखणे हलके करायचे, हे तिचे काम. उंबऱ्याबाहेर घाईत काढलेल्या तिच्या चपला निघताना रोज अंगणाकडे तोंड करून नीट ठेवलेल्या असत. पाय घालायचा आणि चालू पडायचे! हे चाचीच्या मुलाचे, मुनव्वरभाईंचे अगत्य, असे ती धरून चालली होती.

काल तिने आभार मानले, तर पन्नाशीच्या त्या धिप्पाड गिरणीवाल्याचा चेहरा खाडकन उतरला. "मी नाय लावत, सिस्टर. पाव्हण्यांच्या चपला फिरवायचं काम इल्माचं. माझी धाकटी बहीण. सात वर्षांची होती, नदीत गेली. चाळीस वर्षं झाली."

आवडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती कळंबच्या वरच्या ठाकूरवाडीतली. लहानपणी ऐकलेली भुतेखेते नर्सिंगच्या पुस्तकांनी हाकलून लावली, अशी तिची समजूत होती. पण मरणाऱ्याला दिसणारे माणूस नाकारायचे नाही, हा तिचा नेम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आजोबांना ती शहाणपणाने "इथं कुणी नाही हो" म्हणाली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले, ते शेवटपर्यंत. त्या पाठमोऱ्या आजोबांच्या आठवणीने तिला अजून स्वतःची लाज वाटे.

बाहेर मार्चचे टळटळीत ऊन होते. घरात तिघांशिवाय कोणी नव्हते, आणि मुनव्वर सकाळपासून खाटेजवळून हलला नव्हता. भांडे खाली ठेवताना आवडीला खाटेखालची चाचीच्या चपलांची हिरवी जोडी दिसली. चाची खाटेला खिळल्यापासून तीन महिने ती तिथेच धूळ खात होती. चाची पुन्हा ग्लानीत गेली होती; तिच्या दोन श्वासांमधले अंतर वाढत चालले होते.

"आमच्यात आई जाताना लेकराला दूध बख्शते," मुनव्वर हळूच म्हणाला. "सगळी चूकभूल माफ केली, असं तोंडानं बोलते. अम्मा बोलतच नाय. मी समोर गेलो की डोळे मिटते."

"का बरं?"

तो चटईची काडी उपसू लागला. "त्या दिवशी इल्मा माझ्यासंगं होती. घरी मी बोललो, एकटीच गेली."

"मग मला कशाला सांगता? त्यांना सांगा."

"आता? आता काय ऐकू जाणार तिला?"

"कान शेवटपर्यंत जागे असतात, भाई. आज राहिलं तर राहिलंच."

तो खाली वाकला. "अम्मा, इल्माला मीच नेली होती गं. खेकडे धरायला. ती डोहात गेली नि मी घाबरून पळालो. खोटं बोललो मी." एवढा मोठा माणूस आईच्या उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडू लागला.

चाचीने डोळे उघडले. "तिनं कवाच सांगितलं मला," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठीच थांबले." तिचा हात हवेत चाचपडू लागला. आवडीने तो धरून मुनव्वरच्या डोक्यावर ठेवला. "दूध बख्शलं रं तुला, राजा."

त्यानंतर तीन श्वास आले. चौथ्याची वाट पाहत मुनव्वर तिच्या कानाशी कलमा म्हणत राहिला. चौथा आला नाही.

आवडीने चाचीचे डोळे मिटवले, हनुवटीला स्वच्छ पट्टी बांधली, चादर सारखी केली. मुनव्वर भावकीला फोन लावू लागला, तशी ती पिशवी उचलून बाहेर आली.

तिच्या चपला तिने काढल्या तशाच, वेड्यावाकड्या, घराकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारी हिरवी जोडी होती. धुळीने माखलेली, एकीला एक लावलेली, तोंड फाटकाकडे.

अंगणात कोणीही नव्हते. आवडी क्षणभर थिजली. मग वाकून तिने आपल्या चपला आपणच फिरवल्या, आणि हिरव्या जोडीपुढची वाट मोकळी ठेवून कडेकडेने अंगणात उतरली.