मदत मागितल्यावर

भिंतीवरच्या पळ्या किणकिणल्या. हफ्सा नुकती झोपली होती, घर चिडीचूप होतं. आम्ही रुळांना इतके लागून राहतो, की गाडी यायच्या आधी पळ्याच बोलतात. पण आज किणकिण थांबली तरी गाडी पुढे गेलीच नाही.

मागच्या दारी गेले. माझ्या नवऱ्याची, तबरेजची, सिमेंटची मालगाडी आमच्या कुंपणाशी उभी. तो खाली उतरून मला खुणेनेच सांगत होता, इंजिन बंद पडलंय.

रूळ रेल्वेचे, पण त्यावर गाड्या चार कंपन्यांच्या. एकीची अडली की मागे सगळ्यांच्या अडतात. तबरेजच्या कंपनीचं दुसरं इंजिन जवळपास नव्हतं, म्हणून त्याने रेल्वेकडे मदत मागितली. रोह्याहून एका कंटेनरवाल्या कंपनीचं इंजिन समोरून यायला निघालं. तबरेजचा सहायक सुजित लाल झेंडी घेऊन वळणापलीकडे गेला. येणाऱ्याला सावध करायला रुळावर पटाखे बांधायचे असतात, चाकाखाली आले की फुटतात.

हफ्सा उठली. तिला कडेवर घेऊन मी कुंपणाशी चहा नेला.

"अब्बा, तुमची गाडी हरवली?"

"रुसलीय. आता आपला नियम काय, सांग बघू?"

"मदत मागितली की हलायचं नाही."

हिवाळ्यात हरिहरेश्वरला ती गर्दीत हरवली होती, तेव्हापासून तो तिला हे शिकवतो. हाक मारलीस ना, मग जागीच उभी राहा. तूही निघालीस नि मीही निघालो तर? नियम खरा त्याच्या इंजिनाचा. तिला वाटतं, तिच्यासाठीच केलाय.

तेवढ्यात इंजिन धडधडायला लागलं, आणि तबरेजच्या कंपनीतला साहेब, निकेत, मोटरसायकलवरून आला.

"झाली ना चालू? मग काढ."

"साहेब, मदत मागितलीय. रद्द झाल्याचं रेल्वेने मला सांगायला हवं."

"मी आपल्या ऑफिसला सांगितलंय. ते कळवतील रेल्वेला."

"कळवलंय, की कळवतील?"

"तुला काय मुहूर्त काढून देऊ? मागे पॅसेंजर अडकलीय, लोक रुळावर उतरलेत. आणि त्या कंटेनरवाल्यांनी आपल्याला ओढत न्यायचं? वर्षभर हसतील."

तबरेजने वॉकीटॉकी कानाला लावला. सगळेच एकदम बोलत होते, कुणाचंच धड कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. तो नाहीच म्हणणार, असं मी धरून चालले होते.

त्याने हॉर्न देऊन सुजितला परत बोलावलं. पटाखे रुळावर तसेच सोडून सुजित चढला. गाडी हलली. हफ्साने टाटा केला.

वळणापलीकडे पटाखे फुटले. एक, दोन, तीन.

चाकं किंचाळली. कुंपण थरथरलं. वळणावरून एक निळं इंजिन समोर आलं, आणि दोन्ही गाड्या घासत घासत एकमेकींपुढे थांबल्या. मधे एखादी बैलगाडी मावली असती, इतकंच अंतर. समोरचा ड्रायव्हर खिडकीतून नुसता बघत राहिला. हफ्सा कुरकुरली तेव्हा कळलं, माझी बोटं तिच्या दंडात रुतली होती.

मग तिन्हीकडची माणसं आली. कंटेनरवाले म्हणाले, आम्हाला कुणी थांबवलंच नाही. रेल्वेवाले म्हणाले, आम्हाला कुणी कळवलंच नाही. निकेत म्हणाला, "मी कळवतो म्हटलं होतं. काढ कुठे म्हटलं?" तबरेजच्या तोंडाशी यंत्र धरून दारू तपासली, आणि त्याला कामावरून उतरवलं. गाडी दुसऱ्याने नेली.

आता तो मागच्या पायरीवर बसलाय. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. पळ्या किणकिणल्या आणि त्याने दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली. गाडी जाईपर्यंत सोडली नाही.

हफ्सा माझ्या ओढणीला लटकली. हलक्या आवाजात, पण त्याला ऐकू जाईल असं, म्हणाली, "अम्मी, अब्बांनी मदत मागितली होती ना?"

"हो गं."

"मग ते हलले का?"